पुठ्ठ्याचं शहर आणि गुरुवारची अमावास्या

ती मालिका मला आवडली होती, हे आधी कबूल करते. आता तिचं नुसतं नाव मनात आलं तरी माझे दात आवळले जातात. पण आवडली होती.

भूकंपानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही पुण्याहून ख्राइस्टचर्चला आलो. नवरा इंजिनियर. तडे गेलेल्या इमारतींत डोक्यावर हेल्मेट घालून शिरायचं आणि कुठली ठेवायची, कुठली पाडायची ते लिहून द्यायचं, हे त्याचं काम. मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली. माझे पहिले कित्येक महिने शेल्फांवरून पडलेली पुस्तकं उचलण्यात, पुसण्यात आणि क्रमानं परत लावण्यात गेले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. घर भाड्याचं, थंड, आणि जमीन अजून अधूनमधून हलायची.

एका शनिवारी नवरा ऑप शॉपमध्ये गेला. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू तिथे विकायला असतात. इस्त्री शोधायला गेला होता, आला तो एक डीव्हीडी घेऊन. इस्त्री राहिलीच. डीव्हीडीवर मखमली झगा घातलेला, चेहऱ्यावर सोनेरी मुखवटा लावलेला एक माणूस होता आणि त्याच्या मागे आकाशातून हिरवा झोत पडत होता. आमच्या जन्माच्या आसपास केव्हातरी इंग्लंडात काढलेली चार भागांची मालिका.

गोष्ट साधी होती. दूरच्या भविष्यातला एक प्रवासी आणि त्याची मैत्रीण काळातून मागे जातात आणि इटलीतल्या पंधराव्या शतकातल्या एका शहरात उतरतात. चित्रकार, शिल्पकार, भिंगं घासणारे कारागीर, सगळीकडे नवं काही घडतंय. पण शहराचा ड्यूक आपल्या ज्योतिषाला विचारल्याशिवाय नखसुद्धा कापत नाही. ज्योतिषाच्या मनोऱ्यात आकाशातून पडलेला एक दगड आहे, तो त्याच्याशी बोलतो, आणि त्या दगडातल्या परक्या शक्तीला हे शहर शहाणं व्हायला नको आहे. प्रवाशाचं यान तांब्याचं, उभं, वरून धूर सोडणारं.

शहर पुठ्ठ्याचं होतं. ड्यूक खांबाला टेकला की खांब हलायचा. आमच्या घराच्या भिंतीही हलायच्या, त्यामुळे पहिल्या दिवशी एका प्रसंगात आम्ही तिघंही सोफ्यावरून उठून दाराकडे धावलो, आणि मग लक्षात आलं की फक्त पडद्यावरचा राजवाडा हललाय. नवरा इतका हसला की त्याला खोकला लागला. "ह्याला लाल स्टिकर," तो म्हणाला. पाडायच्या इमारतींना तसं स्टिकर लावत.

पुढच्या वर्षी सासूबाई आल्या. सासरे जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. सहा-सहा महिने राहायच्या, परत जायच्या, पुन्हा यायच्या. येताना दर वेळी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर आणायच्या, पानोपानी तिथी, वार, चतुर्थ्या, एकादश्या छापलेलं. ते फ्रीजशेजारच्या खिळ्यावर लागायचं. आमच्या कचऱ्याच्या पिवळ्या आणि लाल डब्यांचे दिवसही मी त्यावरच पेन्सिलीनं लिहायची.

हिवाळ्यातल्या रविवारी दुपारी हीटर लावून ती मालिका बघायची हा आमच्या घरचा रिवाज झाला. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितली तेव्हा यान पडद्यावर येताच म्हणाल्या, "अरे, हा तर आपला बंब."

"आई, तो काळातून फिरतो."

"फिरू दे. पाणी तापवायचाच आहे तो. ती नळी बघ की."

तेव्हापासून आमच्या घरात ते यान बंबच झालं आणि प्रवासी बंबवाला.

सासूबाई ज्योतिषाच्या बाजूच्या होत्या. त्यांचं म्हणणं, त्या बिचाऱ्यानं स्वतःहून काही केलं नव्हतं. "त्या ड्यूकलाच सारखं विचारायची खोड. विचारलं म्हणून त्यानं सांगितलं. विचारू नका ना मग."

"अगं, तो दगडाचं ऐकतो," नवरा म्हणायचा.

"तू नाही का रोज त्या मोबाइलचं ऐकत? डावीकडे वळा म्हटलं की वळतोस."

"आजी इज टीम विझर्ड," मुलगी म्हणायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं.

तिसऱ्या भागात एक प्रसंग आहे. शहराला लागून नदी वाहते, तिच्यावर एक मोठं दार आहे. पाऊस थांबत नाही, नदी चढते. दार आत्ता उघडलं तर पाणी शेतांत जाईल, नाही उघडलं तर खालच्या वस्तीत. चावी ड्यूककडे. बंबवाला हातापाया पडून सांगतो, उघडा. ज्योतिषी म्हणतो, मंगळ सरकेपर्यंत नाही. ड्यूक चावी मुठीत धरून खिडकीशी उभा राहतो. बराच वेळ नुसता त्याचा चेहरा दिसतो. आणि मग बायकामुलांच्या किंकाळ्या ऐकू येतात.

ह्या प्रसंगाला नवरा दर वेळी चिडायचा. दर वेळी. काय होणार ते पाठ असूनही. "उघड की रे बाबा," म्हणायचा. एकदा त्यानं रिमोटनं तो चेहरा तिथेच थांबवला आणि आम्हांला सांगितलं, "असल्या माणसाला मी साइटवर उभा करणार नाही. समोर तडा दिसतोय आणि हा मुहूर्त विचारतोय."

हे वाक्य मला शब्दशः आठवतं. मी ते नंतर खूप वापरलं, मनातल्या मनात, त्याच्याविरुद्ध.

पाचव्या हिवाळ्यात त्याला चालताना छातीत दाटायला लागलं. तपासण्या झाल्या. तीन ठिकाणी अडथळे. बायपास करायला हवी, पण तातडीची रांग आणि साधी रांग अशा दोन रांगा होत्या, आणि हा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होता. गोळ्या दिल्या, काम बंद, जड काही उचलायचं नाही, फोनची वाट बघा.

फोन एका सोमवारी सकाळी अकराला आला. एका पेशंटची तारीख रद्द झाली होती. गुरुवारी सकाळी आठला पहिलंच ऑपरेशन तुमचं करू, बुधवारी दुपारी भरती व्हा, चार वाजेपर्यंत कळवा. मी ग्रंथालयात होते. त्यानं मला फोन केला नाही, मेसेज केला: लवकर येता येईल का? मी तीनला घरी पोचले.

तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. सासूबाई आमच्याकडे पाठ करून सिंकपाशी उभ्या होत्या. त्यानं तारखेचं सांगितलं. मला इतकं हलकं वाटलं की मी पर्स खांद्यावरून न काढताच म्हटलं, "मग हो म्हण ना. अजून म्हटलं नाहीस?"

"आईचं म्हणणं आहे गुरुवार नको."

"का?"

तो कॅलेंडरकडे बघून म्हणाला, "अमावास्या आहे."

मी बघितलं. गुरुवारच्या चौकोनात काळा ठिपका होता. आषाढातली अमावास्या, दिव्यांची. मला हसूच आलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, आई, टीम विझर्ड पुरे. पण तो बोटानं टेबलावरची कसलीतरी रेघ पुसत राहिला.

"आई?" मी म्हटलं.

त्या वळल्या नाहीत. "अवसेला नको गं," एवढंच म्हणाल्या. आवाज असा, की जणू कुणी शिकवलेलं म्हणत होत्या. मला तो हट्ट वाटला.

"तिच्या जिवाला घोर नको," तो म्हणाला. "चार-पाच दिवसांनी काय बिघडतंय? तू फोन कर. मला त्यांच्याशी खोटं बोलायला जमत नाही."

आणि मी केला. हेच मला लिहायचं आहे आणि लिहायला इतकी वर्षं लागली आहेत. फोन मी केला. पुस्तकं वाचलेली, पुण्यात वादविवादाची बक्षिसं मिळवलेली, घरातला नारळही मुहूर्त न बघता फोडणारी मी. म्हटलं, घरगुती अडचण आहे, गुरुवार जमणार नाही. पलीकडची बाई चांगली होती. तिनं विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, हो. तिनं थांबून पुन्हा विचारलं, तुम्ही नक्की सांगताय ना? मी पुन्हा म्हटलं, हो. मग म्हणाली, नो वरीज, पुढच्या मंगळवारचं बघते.

का केला? मी भांडत नाही, म्हणून. वीस वर्षं घरातल्या शांततेचं मला कौतुक होतं. आवाज न चढवणं म्हणजे शहाणपण असं मी समजत आले. सिंकपाशी एक म्हातारी पाठ करून उभी आहे, टेबलाशी एक आजारी माणूस रेघ पुसतोय, आणि आपण पर्स टेबलावर आपटून "मूर्खपणा बंद करा" म्हणायचं, हे मला जमलं नाही. त्या गप्प राहण्याचं मला आता काहीही कौतुक नाही.

गुरुवारी सासूबाईंनी घरातले सगळे दिवे घासले. समई, निरांजनं, आणि मुलीनं शाळेत केलेला एक मातीचा दिवाही. पाटावर मांडून पूजा केली. कणकेचे गोड दिवे उकडले. त्यानं दोन खाल्ले, वर तूप घालून. बहुधा हसत होता. ज्या दिवशी त्याची छाती उघडून दुरुस्त व्हायची होती, त्या दिवशी तो तूप खात होता आणि मी त्याला वाढत होते.

शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये कपडे वाळत घालायचा स्टँड उघडताना तो पडला. रुग्णवाहिका लवकर आली. त्यांनी खूप प्रयत्न केले. गॅरेजच्या जमिनीवर रुग्णवाहिकेतली बाई किती वेळ त्याच्या छातीवर दाबत होती, ते मी बघितलं. मुलगी मैत्रिणीकडे होती, एवढं एक बरं.

पुढे सर्जननी मला बोलावून सांगितलं, गुरुवारी ऑपरेशन झालं असतं तर तो वाचलाच असता असं म्हणता येणार नाही, ऑपरेशनलाही धोका होता. भला माणूस होता. पण त्यानं "वाचला नसता" असंही म्हटलं नाही, आणि मी शब्द नीट ऐकते.

मग लोक आले. मराठी मंडळातले, ऑफिसातले, शेजारचे. फ्रीजमध्ये डबे मावेनात. आपली माणसं चपला काढून आत यायची, सोफ्याच्या कडेवर टेकायची आणि म्हणायची, वेळ आली होती. मी चहा द्यायची. आतून वाटायचं, ती किटली ह्यांच्या अंगावर ओतावी. वेळ आली नव्हती. वेळ दिलेली होती, गुरुवार, सकाळी आठ. आम्ही परत केली.

सासूबाई पुण्याच्या फोनवर सगळ्यांना एकच सांगायच्या. "तारीख मिळाली होती. मीच म्हटलं अवसेला नको. माझ्या म्हणण्यानं पुढे ढकलली." न रडता, न अडखळता. नणंद, जावा, सोसायटीतल्या बायका, सगळ्यांना. मी भिंतीपलीकडून ऐकायची. मला तो निर्लज्जपणा वाटायचा. निदान लपवा तरी, असं वाटायचं. मी त्यांच्याशी जेवणापुरतं बोलायची. वाढू का, पुरे का, गोळी घेतली का. त्यांचं परतीचं तिकीट दोन महिन्यांनंतरचं होतं आणि मी दिवस मोजत होते.

महिना होत आला तेव्हा त्या म्हणाल्या, "मासिकाची तिथी बघतेस का? मला बारीक अक्षर दिसत नाही."

मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. मागचं पान उलटलं. त्या गुरुवारच्या चौकोनात काळ्या ठिपक्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं: अमावास्या प्रारंभ दुपारी १२.४०.

मी ते दोनदा वाचलं. मग मासिकाची तिथी सांगितली, कॅलेंडर परत लावलं, आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

दुपारी बारा चाळीस, पुण्याचे. कॅलेंडर पुण्यात छापलेलं, वेळा तिथल्या. हिवाळ्यात आमचं घड्याळ त्यांच्या साडेसहा तास पुढे असतं. म्हणजे अमावास्या आमच्याकडे लागली ती गुरुवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. ऑपरेशन सकाळी आठला होतं. तेव्हा पुण्यात रात्रीचा दीड वाजला होता आणि चतुर्दशी होती. चतुर्दशीबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. दुपारपर्यंत टाके घालून त्याला बाहेर आणलं असतं, आणि अमावास्या लागायला तेव्हाही पाचेक तास बाकी असते.

म्हणजे त्यांच्या स्वतःच्या नियमानंही तो दिवस चांगला होता.

मी हा हिशेब एका चिठ्ठीवर लिहिला. डावीकडे पुणे, उजवीकडे ख्राइस्टचर्च. कार्डिगनच्या खिशात ठेवला आणि रोज खिशात हात घालून त्याला हात लावायची. तुम्ही कुठल्यातरी मूर्ख समजुतीपायी माणूस घालवलात, हे एक. पण ती समजूतही नीट पाळली नाहीत, परदेशातल्या भिंतीवर पुण्याची वेळ टांगून मोकळ्या झालात, हे माझ्याकडे आलेलं दुसरं. पहिलं त्यांनी स्वतःच जगाला सांगून बोथट केलं होतं. हे दुसरं त्यांना माहीत नव्हतं. हे त्यांना सांगितलं तर त्या उभ्या जागी मोडतील, हे मला माहीत होतं, आणि मला ते हवं होतं. म्हातारीला असं करू नये असं एक मन म्हणायचं. त्या मनाचाही मला राग यायचा. त्या मनानंच फोन केला होता.

त्या दिवसांत एकदा सुटी काढून, घरात कुणी नसताना, मी तो तिसरा भाग लावला. सासूबाई शेजारच्या बागेत चालायला गेल्या होत्या. मला ड्यूकला शिव्या द्यायच्या होत्या, आणि रिमोट हातात धरून बसणाऱ्यालाही. तू सांगत होतास ना, साइटवर उभा करणार नाही म्हणून. मग? आईच्या जिवाला घोर. तुझ्या आईच्या जिवाला आता काय आहे, येऊन बघ.

पण सगळ्यात जास्त राग मला बंबवाल्याचा आला. काळात मागे जाणारं यान ह्याच्याकडे आहे. हा शतकंच्या शतकं ओलांडतो, आणि तरी नदीवर पोचतो तो पाणी चढल्यावरच. दोन दिवस आधी का जात नाही? मैत्रीण त्याला अगदी हेच विचारते. तर हा उदास चेहरा करून सांगतो, घडलेलं बदलता येत नाही, नियम आहे. कसला नियम? कुणी केला? लिहिणाऱ्याला गोष्ट चार भाग ओढायची होती म्हणून केला. मला फक्त एका सोमवारी जायचं होतं. त्या दुपारी तीन वाजता. मी डीव्हीडी काढली, तिच्या डबीत घातली नाही, तशीच कपाटाच्या मागे टाकली.

सासूबाईंच्या जाण्याला चार दिवस राहिले होते. त्या पलंगावर बॅग उघडी टाकून मुलाचे शर्ट बघत होत्या. कुठले पुण्याला न्यायचे, कुठले द्यायचे. मी दारात उभी राहिले.

"आई, एक दाखवायचंय."

मी कॅलेंडर आणून पलंगावर ठेवलं आणि चिठ्ठी त्याच्यावर. बोट ठेवून वाचून दाखवलं. पुण्यात किती वाजता, इथे किती वाजता. माझा आवाज शांत होता, ग्रंथालयातला. मी म्हटलं, "तुमच्या अमावास्येला अकरा तास बाकी होते. तुम्ही पुण्याची वेळ वाचलीत. साडेसहा तास मिळवायला विसरलात."

त्यांनी हातातला शर्ट खाली ठेवला. मी वाट बघत राहिले.

"विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. "मला मिळवता येत नाहीत ते तास. त्यानंच मिळवले."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? त्यानं. अगं, तो इथून रोज मला फोन करायचा, इतकी वर्षं. त्याला कळत नव्हतं होय, तिथे किती वाजलेत ते?"

मी त्या गुरुवारच्या चौकोनाकडे पुन्हा बघितलं.

"मी म्हटलं, गुरुवारी अवस आहे रे. तर तो उठला, ते बारीक वाचलं आणि म्हणाला, आई, तुझी अवस इथे संध्याकाळी सातला लागते, तोवर मी शिवून झालेला असेन. मी म्हटलं, मग जा बाबा, मग काही नाही. आणि मी कुकर लावायला गेले."

मी म्हटलं, "मग?"

"मग बराच वेळ बसून राहिला. आणि म्हणाला, आई, तू हिला सांग, अमावास्या आहे म्हणून नको. मी म्हटलं, का? म्हणाला, मला भीती वाटतेय. छाती कापतात, हाड कापतात. मला चार दिवस दे. हिला नको सांगू. तिच्यासमोर मी सारखा त्या ड्यूकला हसतो."

मी पलंगाच्या कडेवर बसले. बॅगेच्या अलीकडे मी, पलीकडे त्या.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत? तेव्हाच? मी आले तेव्हा?"

"त्यानं शपथ घातली होती."

"आणि नंतर? तो गेल्यावर? सगळ्यांना सांगत सुटलात, मी केलं, मी केलं."

"काय सांगू? माझा मुलगा भ्यायला म्हणून?" आता त्यांचाही आवाज चढला. मी तो पहिल्यांदा चढलेला ऐकला. "मला बोल लावावा लोकांनी. म्हातारी आहे, अडाणी आहे, अवस-पुनव बघते. तू माझ्याशी बोलेनाशी झालीस, चालेल. त्याच्यावर रागावून बसली असतीस, ते नको होतं मला."

"मला माझ्या नवऱ्यावर रागवायचा हक्क नाही का?"

"आहे. म्हणून तर आता सांगितलं. तू हा कागद घेऊन आलीस, तर मी काय त्याच्याकडे बघत बसू?" चिठ्ठी त्यांनी माझ्याकडे सरकवली. "आणि हे तुझं गणित बरोबर आहे. त्यानंही एवढेच तास सांगितले होते."

मला वाटलं होतं आता त्या मोडतील. त्या मोडल्या नाहीत, आणि मीही नाही. उलट नुसता राग आला. तो भ्यायला होता. भीती वाटण्यात काय होतं? मीही भ्यायले असते. मी त्याच्याशेजारी बसून म्हटलं असतं, वाटू दे भीती, बुधवारी आपण दोघं जाऊ, मी बाहेर बसते. एवढंच तर म्हणायचं होतं. ते एक वाक्य म्हणायची संधी त्यानं माझ्याकडून काढून घेतली, आणि मला हातात फोन दिला. मला जमत नाही म्हणाला खोटं बोलायला. माझ्याशी तर नीट जमलं.

खिडकीशी उभ्या असलेल्या त्या ड्यूकला आम्ही सगळे इतकी वर्षं खुळचट म्हणत आलो. त्याला ताऱ्यांची काही पडलेली नव्हती. त्याला चावी फिरवायला भीती वाटत होती, आणि तसं म्हणायची सोय नव्हती, म्हणून मनोऱ्यात एक ज्योतिषी पगारावर ठेवलेला होता. माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या आईला त्या पगाराशिवायच्या नोकरीवर ठेवलं. आणि त्या चेहऱ्यावर तो दर रविवारी चिडायचा, तेव्हा मी शेजारी बसून चहा पीत होते. तो का चिडतो हे मी एकदाही विचारलं नाही.

"लहानपणी," सासूबाई म्हणाल्या, "इंजेक्शनवाली शाळेत आली की हा पळून घरी यायचा. दोनदा आला. दोन्ही वेळा मी म्हटलं, बरं, बस घरी." शर्टाची कॉलर त्यांनी मुठीत चुरगळली. "तिथेच दोन ठेवून द्यायला हव्या होत्या."

"हो," मी म्हटलं. "हव्या होत्या."

माझ्या तोंडून हे गेलं. आमच्या घरात असं कुणी कुणाला म्हणत नाही. मग त्यांनी शर्टांचे तीन गठ्ठे केले आणि मी घड्या घातल्या. मी खोली सोडून गेले नाही.

मुलगी शाळेतून आली तेव्हा तिला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, मराठीत, सावकाश. तिनं ऐकून घेतलं. "सो डॅड वॉज स्केअर्ड," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ही कुड हॅव जस्ट सेड."

"हो," मी म्हटलं.

सासूबाई गेल्या. त्यानंतर त्या इकडे आल्या नाहीत, गुडघ्यांमुळे. रविवारी मी फोन करते. पहिल्या वर्षी त्या दर वेळी शेवटी विचारायच्या, "अजून राग आहे का गं?" मी म्हणायची, आहे. त्या म्हणायच्या, "असू दे. मलाही आहे." आता विचारत नाहीत. आता एकदम त्याच्याबद्दल सुरू करतात. कुठली तरी जुनी लबाडी, बुडवलेली शिकवणी, शेजाऱ्यांच्या छतावर लपून काढलेली दुपार. मी त्यात माझ्याकडची एक घालते. बाहेरच्या माणसाला वाटेल, दोन बायका एका गेलेल्या माणसाची निंदा करताहेत. करतोच आहोत. त्याच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणालाच तो घाबरला होता हे माहीत नाही.